बोडीच्या पाळीवरून सहा आकडे

१

कोसमेट्ट्यात मोबाईलची रेंज एकाच जागी येते. गावच्या तळ्याला इकडे बोडी म्हणतात. त्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक म्हातारं मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला पाठ टेकून उभं राहिलं की दोन दांड्या दिसतात. दोन पावलं इकडे सरका, गेली. ग्रामसभेचं ऑफिस मात्र खाली, शाळेला लागून. तिथं छपरावर छत्री आहे, कॉम्प्युटर आहे, इंटरनेटही बऱ्यापैकी चालतं, फक्त मोबाईल मुका. आणि हल्लीच्या खात्यांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. नुसत्या पासवर्डानं त्यांचं समाधान होत नाही. वर मोबाईलवर सहा आकडे पाठवतात आणि दोन मिनिटांत टाका म्हणतात. मोबाईल वर, कॉम्प्युटर खाली, मधे चढ आणि बांबूचं दाट बेट. ऑफिसातला ऑपरेटर दिनेश कुमोटी, त्यानं सुरुवातीला पळून पाहिलं. तिसऱ्या खेपेला पाय मुरगळला आणि गावाला आठवडाभर हसायला विषय मिळाला.

मग त्याच्या बायकोनं, सुकरीनं, हे काम अंगावर घेतलं. घरात मोबाईल एकच, तोही तिच्याच कमरेला खोचलेला असायचा. दिनेशनं दारातून हाक दिली की ती डावा पाय किंचित ओढत पाळीवर चढायची. यानं खाली बटण दाबायचं, वर मोबाईल वाजायचा, आणि बांबूच्या बेटावरून तिचा आवाज यायचा. एकेक आकडा सुटा, लांबवलेला. सहावा झाला की जरा थांबून विचारायची, "झालंऽ काऽ?" खातं उघडलं की दिनेश दारात येऊन ओरडायचा, "झालं! ये आता!"

त्याचं "ये आता" ऐकल्याशिवाय ती जागची हलायची नाही. एक कोड चुकला तर दुसरा यायचा, म्हणून. एकदा दिनेश कोणाशी तरी बोलत बसला आणि ओरडायचंच विसरला. बाई चैताच्या उन्हात तासभर उभी. खाली आल्यावर तिनं त्याला जे काही ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२

गेल्या भादव्यात धानोऱ्याला ऑपरेटर लोकांची शिकवणी झाली. शिकवणारे अतुल सर नीटनेटके आणि जरा तापट. कोणाचा पासवर्ड किती कच्चा आहे हे ते सगळ्यांसमोर काढत होते. दिनेशचा होता सुकरी आणि पुढे एक-दोन-तीन. सभागृह हसलं.

"बायकोचं नाव?" सर म्हणाले. "अहो, ही दाराला कडीच्या जागी सुतळी बांधली तुम्ही. सोळा अक्षरी ठेवा. कुठेही लिहून ठेवू नका. आणि ओटीपी कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचा नाही. बायकोलाही नाही."

दिनेशनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुकरी भाकर थापत होती. हसता हसता तिच्या हातातली भाकर मोडली.

"तुह्या सरले सांग, मी तं आख्ख्या गावाले ओरडून सांगून राह्यली. बोडीतल्या म्हशीलेबी पाठ झाला असन."

"हसू नको ना बाप्पा. सर म्हणते, खातं चोरीले जाते."

मग तोडही तिनंच काढली. "मी एक वाढवून सांगीन. तीन असला तं चार म्हणीन. तू एक कमी करून टाकत जाय. कोणाले समजते?"

"अन् नऊ असला तं?"

"मंग दहा म्हणीन ना!"

सोळा अक्षरांचा पासवर्ड दिनेशनं ठेवला, कुठं लिहिला नाही. एक वाढवायची गोष्ट त्या दोघांतच राहिली. सुकरीच्या बापाला, चैतूलाही ती ठाऊक नव्हती.

आणि पुढच्याच महिन्यात सुकरी गेली. सिकलसेल, रक्ताचा आजार, तिला जन्मापासूनचा. अंग दुखायचं, उतरायचं. या खेपेला उतरलं नाही. गडचिरोलीला नेताना वाटेतच तिनं दिनेशच्या खांद्यावर मान टाकली.

तिच्या लोकांत माणसाला मातीत ठेवताना त्याच्या वापरातल्या चार वस्तू त्याच्यासंग देतात. चैतूनं लेकीची फणी ठेवली, बांगड्या ठेवल्या आणि जावयाकडे पाहिलं. दिनेशनं मोबाईल तिच्या हातात दिला. रडून रडून त्याचं डोकं रिकामं झालं होतं, त्याला तेवढंच सुचलं. खात्याला लावलेला नंबर तोच एक आहे, हे त्या घडीला कोणाच्या ध्यानात येणार?

३

कॉम्प्युटरवर खातं उघडंच होतं, म्हणून चार महिने काही अडलं नाही. माघात अवकाळी आली, वीज कडाडली आणि कॉम्प्युटर बसला. दुरुस्त होऊन आला तो आतून कोरा. पासवर्ड विचारू लागला. दिनेशला सोळातलं एक अक्षर आठवेना. त्या दिवसांतलं त्याला काहीच आठवत नव्हतं, हा तर पासवर्ड.

ऑफिसचं काम त्यानं दुसरं खातं काढून चालवलं. पण सुकरीच्या मोबाईलमधले फोटो जाऊन पडायचे ते त्या जुन्या खात्यात. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता. आधारकार्डावरचा फोटो म्हणजे निव्वळ काळा डाग. आणि चार वर्षांची स्वाती, त्यांची लेक, आईला विसरत चालली होती. एके दिवशी मावशीचं, दीपिकाचं, तोंड दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "बाबा, आईचं नाक असंच होतं का?"

दिनेशलाही नक्की आठवत नव्हतं. याचा त्याला फार धसका बसला. उठून तो मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

अतुल सरांना विचारलं, तर ते म्हणाले, तेच सिम पुन्हा काढा. सिम होतं सुकरीच्या नावावर, तिचा अंगठा लागणार. अंगठा कुठून आणायचा?

फागुनातल्या एका दुपारी तो ऑफिसात एकटा होता. पडद्यावर 'पासवर्ड विसरलात?' होतं, त्याखाली 'कोड पाठवा'. नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. रिकाम्या घराचं दार माणूस उगाच वाजवून बघतो ना, तसं त्यानं बटण दाबलं.

बाहेर पारवे घुमत होते. मग ते थांबले.

"आऽठ," बांबूच्या बेटापलीकडून आवाज आला. "साऽत..."

दिनेशचा हात माऊसवर तसाच राहिला. सहाही आकडे आले, सुटे, लांबवलेले. थोडा वेळ शांत गेला.

"झालंऽ काऽ?"

४

तो पाळीवर धावत गेला. मोहाखाली कोणी नव्हतं. गुरं राखणारा बिरजू पलीकडच्या काठाला बिडी ओढत बसला होता.

"कोण ओरडलं गा आत्ता?" दिनेशनं विचारलं.

"कोणी नाई. काऊन?"

"बाईचा आवाज आला मले."

बिरजूनं त्याच्याकडे पाहिलं आणि बिडी विझवली. "दिनेशभाऊ, तू जेवत जाय रे बाबा वेळेवर," तो मायेनं म्हणाला. त्याच्या गुरांनी मात्र पाण्यातून तोंडं वर काढली होती, आणि सगळी एकाच बाजूला बघत होती, मोहाकडे.

दिनेश शिकलेला माणूस. त्यानं स्वतःला समजावलं: दीपिका असेल, बहिणीबहिणीचे आवाज सारखेच असतात. शाळेतली पोट्टी पाढे म्हणत असतील. आपणच पाच महिने धड झोपलो नाही. प्रत्येक कारण चांगलं होतं आणि तिन्ही मिळूनही त्याला पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दीपिका कुरखेड्याला गेलेली, शाळेला सुटी. त्यानं ऑफिसचं दार सताड उघडं ठेवलं, कागद-पेन घेतलं, बटण दाबलं.

"चाऽर... साऽत... दहाऽ..."

दहा. तो लिहिता लिहिता थांबला. एका चौकटीत दहा कसा बसेल? ओटीपीत दहा नसतो. सगळ्या गावाला, सगळ्या जगाला हे ठाऊक आहे की ओटीपीत दहा नसतो. दहा म्हणणारं माणूस एकच होतं.

त्याच्या पाठीवरून गार काटा सरकत गेला आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं, दोन्ही एकदमच. "दोऽन... सहाऽ... सहाऽ," आवाज सांगत होता. त्यानं एकेक कमी करत टाकलं. तीन, सहा, नऊ, एक, पाच, पाच.

खातं उघडलं.

"झालंऽ काऽ?" पाळीवरून आलं. दिनेश उठून दारापर्यंत गेला. तोंड उघडलं आणि मिटलं. "झालं" च्या मागोमाग नेहमी काय म्हणायचं, ते त्याच्या जिभेवर आलं होतं. ते म्हटलं तर ती येणार कुठं?

तो काहीच बोलला नाही.

५

दोनशे चौदा फोटो होते. त्यानं स्वातीला मांडीवर घेऊन एकेक उघडला.

स्वाती गालावर बोट ठेवून हसतेय. फोटो काढायचा म्हटलं की पोरगी हटकून तसंच करायची. दिनेश जेवतोय. दिनेश झोपलाय, तोंड उघडं. शेळीचं पिल्लू. स्वाती, पुन्हा स्वाती, गालावर बोट. चैतू मोहफुलं वाळवतोय. दोनशे चौदा संपले.

सुकरी एकातही नव्हती. असणार कशी? मोबाईल तिच्या हातात, फोटो काढणारी तीच. उन्हं कललेल्या वेळच्या काही फोटोंत खालच्या बाजूनं एक लांब सावली आत आलेली दिसायची, दोन्ही कोपरं वर उचललेली. एवढीच काय ती सुकरी.

"आई कुठी हाय?" स्वातीनं विचारलं.

"फोटो काढून राह्यली ना, म्हून दिसत नाई," दिनेश म्हणाला, आणि मग त्याला राहवलं नाही. पोरीच्या केसांत तोंड घालून तो रडला. एवढ्यासाठी तिला उठवलं होतं त्यानं, आणि हाती सावली आली होती.

माणसाचं मन मोठं वाईट असतं हो. चेहरा नाही मिळाला, पण आवाज तर आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. फोटो मिळाले तेव्हाच थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच खात्यातून बाहेर पडला आणि त्यानं पुन्हा 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. तिसऱ्या दिवशीही. रोज दुपारी, जेवण झाल्यावर. स्वाती दारात बसून ऐकायची; पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आई!", अगदी सहज.

आकडे रोज वेगळे, आवाज तोच. पण हळूहळू तो बसत चालला. आकड्यांमधलं अंतर वाढलं. अकराव्या दिवशी "झालं का?" असं तिनं तिसऱ्या आकड्यानंतरच विचारलं, मग चूक ध्यानात आल्यासारखी पुढचे तीन म्हणाली. दिनेशनं त्या दिवशीही उत्तर दिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच चैतू आला. गेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायची त्यांच्यात रीत. तो उभा राहिला म्हणजे माणूस आपल्या आधीच्यांत जाऊन बसलं, असं मानतात. सुकरीचा दगड चैतूनं फागुन लागताच बोडीपलीकडं उभा केला होता. म्हातारा ओट्यावर टेकला, पाणी प्यायला.

"दगड तीनदा उभा केला, बाप्पू," तो म्हणाला. "हातभर खोल गाडून, गोटे ठोकून. तीनदा कलला. पाळीकडे कलते."

"माती भुसभुशीत असन, मामा."

"माही उमर मातीत गेली. मले माती नको सांगू." चैतूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सहन होईना. "तू तिले काही काम सांगून राह्यला का?"

दिनेशनं मान खाली घातली.

"लेकीचे पाय दुखत होते रे," चैतू म्हणाला. "लहानपणापासून. उभं राहणं होत नव्हतं तिच्यानं जास्त वेळ. तिले उभं नको ठेवू."

म्हातारा काठी टेकत निघून गेला. दिनेश ओट्यावर तसाच बसून राहिला. बारा दिवस. बारा दिवसांत एकदाही आपण "झालं" म्हटलं नाही. म्हणजे पहिल्या दुपारपासून ती तिथंच उभी आहे, मोहाला पाठ टेकून, उन्हात, आणि आपण रोज तिला नवे आकडे विचारतोय. त्याला स्वतःची किळस आली.

७

खात्यातून जुना नंबर काढून दीपिकाचा घालायचा, हे त्यानं ठरवलं. चार वाजले असतील. पश्चिमेचं ऊन दारातून आत येऊन अर्ध्या जमिनीपर्यंत पसरलं होतं. स्वाती त्याच्या पायाशी मोहफुलं मांडत बसली होती.

'हा नंबर काढून टाकायचा?' खात्यानं विचारलं. हो. 'खात्रीसाठी याच नंबरवर कोड पाठवत आहोत.'

तिला पुसून टाकायचा कोडही तिलाच सांगायला लावायचा होता. दिनेशनं ओठ दाताखाली धरला आणि बटण दाबलं.

खूप वेळ काही आलं नाही. मग आवाज आला, इतका बारीक की त्याला श्वास रोखून ऐकावं लागलं. "तीऽन... एक... दहाऽ... पाच..." मधे कुठंतरी तिनं दम घेतला. "आठ... दोन."

दोन, शून्य, नऊ, चार, सात, एक. नंबर गेला. त्या जागी दीपिकाचा आला.

"झालंऽ काऽ?"

त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. "झालं" म्हणायचं, पुढचं म्हणायचं नाही. म्हणजे ती सुटेल आणि जिथं जायचं तिथं जाईल. त्यानं तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

"झालंऽ काऽ?"

म्हण ना, तो स्वतःला म्हणत होता. एक शब्द आहे. हा शब्द म्हटला की ती पुन्हा कधी बोलणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"झालं का?" तिसऱ्यांदा, हेल नाही, काही नाही. थकलेलं माणूस विचारतं तसं.

स्वाती उठली, दारात गेली, आणि आई असताना बापाच्या तोंडून रोज ऐकलेलं सगळं एका दमात ओरडली, "झालं, आईऽ! ये आता!"

बोडीवरचे पारवे भर्रकन उडाल्याचं ऐकू आलं. मग काही नाही. मग वाळल्या पानांवर पावलं. चढावरून खाली, बांबूच्या बेटाला वळसा घालून, शाळेच्या भिंतीकडून. एक पाऊल सरळ पडत होतं आणि एक ओढल्यासारखं.

दिनेश खुर्चीत होता, दाराकडे पाठ करून. ज्या आवाजासाठी तो बारा दिवस जगला, त्या आवाजाची बाई दाराशी आली होती, आणि तो घाबरला. त्याची मान वळेना. त्यानं कीबोर्डवर हात घट्ट दाबून धरले आणि डोळे खाली घातले. जमिनीवरच्या उन्हात एक सावली आत सरकत आली आणि त्याच्या खुर्चीच्या पायाशी थांबली. तिची दोन्ही कोपरं वर उचललेली होती.

दारातून दोन पावलं आत सरकून स्वाती खुदकन हसली. तिरक्या नजरेनं त्याला एवढंच दिसलं की पोरगी पाठ ताठ करून उभी आहे आणि तिनं गालावर बोट ठेवलंय.

मग ऊन पुन्हा मोकळं झालं.

८

सुकरीचा दगड उभा राहिला. चैतूनं येऊन तेवढंच सांगितलं आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवून गेला. आता पाळीवर दीपिका जाते. ती आकडे भराभर सांगते, जसे असतील तसे. एक वाढवायची गोष्ट दिनेशनं तिला सांगितलेली नाही, आणि ती तो कोणालाच सांगणार नाही.

आठवड्यानं त्याला वाटलं, सावलीचे का होईना, चार फोटो धानोऱ्याला नेऊन कागदावर काढून आणावेत. पोरीजवळ काहीतरी राहील. त्यानं खातं उघडलं. दोनशे पंधरा फोटो होते.

शेवटचा ऑफिसच्या दारातून काढलेला होता. पुढे स्वाती, गालावर बोट, दात दिसतील असं हसू. तिच्या मागे खुर्चीत एक माणूस पाठमोरा बसलेला, खांदे वर ओढलेले, मान खाली. फोटो नेहमीसारखा नीट आला नव्हता, जरा हलला होता. काढणाऱ्याचा हात हलला असावा. पोरीवरून सरकून तो त्या माणसाकडे वळू बघत होता.

स्वाती खुर्चीच्या दांडीवर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत होती. तिनं बापाची बाही ओढली.

"बाबा, आई किती वेळ उभी होती," ती म्हणाली. "तू काऊन नाई पाह्यलं?"